जुन्या हायब्रिड ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ने झटके दिले, दिवा लागला... बॅटरी बदलण्याआधी काय तपासायचे?

समजा, मे महिन्यातील दुपार आहे. जळगावहून छत्रपती संभाजीनगरला निघालेली एक जुनी हायब्रिड एसयूव्ही फर्दापूर ओलांडून अजिंठ्याचा घाट चढू लागते. पारा ४४ अंशांवर, गाडीत पाच जण, मागे सामान, एसी पूर्ण क्षमतेने सुरू. अर्ध्या घाटात डॅशबोर्डवर पिवळा त्रिकोण लागतो आणि हायब्रिड यंत्रणा तपासण्याची सूचना येते. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी जोर घेत नाही.

फोनवर पहिला सल्ला मिळतो, ‘भाऊ, बॅटरी गेली.’ दुसरा म्हणतो, ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल.’ दोन्ही कामे मोठ्या खर्चाची. हायब्रिडची मुख्य बॅटरी लाखाच्या घरात जाते. पण खरे कारण शीतक फिरवणारा एक छोटा पंप, मागच्या सीटखाली धुळीने बुजलेली जाळी किंवा काही हजारांत मिळणारी १२ व्होल्टची साधी बॅटरीही असू शकते.

खान्देशातील शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. पंपाने पाणी टाकणे बंद केले, की कोणी लगेच बोअरमधून मोटार वर काढत नाही. आधी फ्यूज, मग व्होल्टेज, मग स्टार्टर, केबल, आणि हे सगळे ठीक असेल तरच मोटार. हायब्रिड गाडीलाही हाच क्रम लागू पडतो. तो नेमका कसा, हे समजून घेऊ.

हायब्रिड ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे नेमके काय?

हायब्रिड गाडीत पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटार असते. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये चारही चाकांना ताकद मिळते. या दोन गोष्टी एकाच गाडीत आणण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत आणि बिघाड शोधताना हा फरक सर्वात आधी माहीत असावा लागतो.

पहिला मार्ग यांत्रिक. पुढच्या गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत लांब शाफ्ट जातो. मागच्या चाकांना किती ताकद द्यायची, हे वाटेतील इलेक्ट्रॉनिक कपलिंग ठरवते. गरज नसेल तेव्हा ते जवळजवळ मोकळे राहते, चाक घसरू लागले की आवळले जाते.

दुसरा मार्ग विजेचा. यात पुढून मागे जाणारा शाफ्टच नसतो. पुढची चाके इंजिन आणि मोटार मिळून फिरवतात, तर मागच्या चाकांसाठी स्वतंत्र मोटार असते. पुढच्या आणि मागच्या धुरेला जोडतात त्या केबल आणि कॉम्प्युटर. टोयोटा आणि लेक्सस या रचनेला ‘ई-फोर’ म्हणतात.

त्यामुळे ‘ई-फोर’ गाडीच्या मधोमध आवाज येतो म्हणून कोणी ‘प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला’ असे सांगितले, तर तो सल्ला तिथेच बाद करता येतो. त्या गाडीत तो शाफ्टच नाही.

भारतात अशा गाड्या कोणत्या आणि आता त्यांचे वय किती?

भारतात हायब्रिडची सुरुवात छोट्या प्रमाणावर झाली. होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आली, टोयोटा प्रियस २०१० मध्ये, तर कॅमरी हायब्रिड २०१३ मध्ये. या तिन्ही फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या पूर्ण हायब्रिड त्यानंतर आल्या. व्होल्वो एक्ससी९० टी८ ही चार्जिंगवाली हायब्रिड २०१६ मध्ये आली. लेक्ससने मार्च २०१७ मध्ये आरएक्स ४५०एच घेऊन भारतात पाऊल ठेवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एनएक्स ३००एच आणली. फेब्रुवारी २०२० मध्ये टोयोटा वेलफायर आली. या गाड्यांच्या मागच्या धुरेवर स्वतंत्र मोटार आहे. लेक्ससच्या दोन्ही गाड्यांत आणि २०२० च्या वेलफायरमध्ये ती ५० किलोवॅटची आहे. म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता आठ वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरू लागल्या आहेत.

खान्देशच्या रस्त्यांवर जास्त दिसते ती दुसरी जातकुळी, म्हणजे माइल्ड हायब्रिड. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली मारुती सुझुकी ग्रँड विटारा आणि तिची जुळी बहीण टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या त्यातल्या. इथे एक गैरसमज हमखास होतो. या दोन्ही गाड्यांची पूर्ण हायब्रिड आवृत्ती फक्त पुढच्या चाकांवर चालते. ऑल-व्हील ड्राइव्ह मिळते ते माइल्ड हायब्रिड आवृत्तीत, सुरुवातीला तर फक्त मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत. त्याआधी २०१६ मध्ये महिंद्राने स्कॉर्पिओला ‘इंटेली-हायब्रिड’ जोडले होते. तीही सौम्य हायब्रिडच.

माइल्ड हायब्रिडमध्ये मोठी उच्चदाब बॅटरी नसते. ग्रँड विटाराच्या या आवृत्तीत बेल्टने इंजिनाला जोडलेला स्टार्टर-जनरेटर असतो आणि सगळे काम १२ व्होल्टवर चालते. म्हणून ‘हायब्रिड बॅटरी गेली, लाखाचा खर्च आहे’ हे वाक्य अशा गाडीबाबत कानावर आले, तर आधी गाडीचे आरसी बुक आणि मॉडेल तपासावे.

बिघाड ओळखणे एवढे अवघड का?

साध्या गाडीत क्लच घसरला की घसरल्यासारखा वाटतो. पूर्ण हायब्रिडमध्ये मात्र अनेक गोष्टी वेगळ्या वाटतात आणि त्या बिघाड नसतात.

टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये नेहमीचे गिअर किंवा क्लच नाहीत. इंजिन आणि दोन मोटारी ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या दात्यांच्या एका संचाने जोडलेल्या असतात. त्यामुळे घाट चढताना इंजिन मोठ्याने ओरडते आणि वेग मात्र हळूहळू वाढतो. नवख्याला वाटते क्लच घसरतोय. प्रत्यक्षात तो त्या यंत्रणेचा स्वभाव आहे.

उलट प्रकार कन्नडचा घाट चाळीसगावच्या बाजूला उतरताना होतो. लांब उतारावर ब्रेकमधून मिळणारी वीज भरून भरून बॅटरी पूर्ण भरते. मग गाडी वेग रोखण्यासाठी इंजिनच फिरवते. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन गरजते, ब्रेकचा अनुभवही बदलतो. हाही बिघाड नाही.

दुसरी अडचण अशी, की एकाच लक्षणामागे चार-पाच वेगवेगळी कारणे असू शकतात. सकाळी इंजिन सुरू होताना गाडी खडखडली, तर ते इंजिनाचे मिसफायर असेल, इंजिन माउंट असेल किंवा इंजिन आणि ट्रान्सॲक्सल यांच्यामधील स्प्रिंगची तबकडी म्हणजे डॅम्पर झिजला असेल. आवाज तिन्हींचा जवळपास सारखा. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

पहिली पायरी : १२ व्होल्टची बॅटरी का?

लेक्सस एनएक्स ३००एचच्या मुख्य बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे २०४ सेल आहेत. प्रत्येकी १.२ व्होल्ट धरले, तर एकूण दाब २४४.८ व्होल्ट. आरएक्स ४५०एचमध्ये तो २८८ व्होल्ट आहे. एवढी ताकद असूनही या गाड्यांत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि सगळे तिच्यापासून सुरू होते.

इंजिन फिरवण्याचे काम ती करत नाही, ते मोठी मोटार करते. पण गाडीतील सगळे कॉम्प्युटर तिच्यावर जागे होतात आणि मुख्य बॅटरीचे मोठे रिले तिच्याच जोरावर बसतात. ती अशक्त झाली, की कॉम्प्युटर अर्धवट जागे होतात, एकमेकांशी बोलताना अडखळतात आणि पाच-सहा असंबद्ध दिवे एकदम लागतात. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, फोर-व्हीलचा, हायब्रिडचा.

लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात बाहेर उभ्या गाडीत ती इतर ठिकाणांपेक्षा लवकर थकली तर नवल नाही.

तपासणी साध्या मीटरने होते. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्टच्या आसपास दाब हवा. गाडी ‘रेडी’ झाल्यावर तो साधारण १४ व्होल्टच्या जवळ दिसायला हवा, कारण तेव्हा मुख्य बॅटरीतून छोटीला चार्जिंग सुरू होते. नुसता दाब ठीक दिसला म्हणून थांबू नये, लोड टेस्टरवरही पाहावे. ही तपासणी कोणत्याही बॅटरीच्या दुकानात होते.

स्कॅनरचा कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही?

भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ ही स्वयंतपासणी यंत्रणा बंधनकारक झाली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड मिळतात. कोडचे पहिले अक्षर महत्त्वाचे. ‘पी’ म्हणजे इंजिन व ड्राइव्हट्रेन, ‘सी’ म्हणजे ब्रेक-चाके यांची बाजू, ‘बी’ म्हणजे बॉडी आणि ‘यू’ म्हणजे कॉम्प्युटरमधील संवाद.

काही नेहमीचे कोड असे. पी०३०० ते पुढचे मिसफायरचे. पी०ए९३ इन्व्हर्टरच्या शीतकरणाचा. पी०एए६ उच्चदाब वायरिंगचे इन्सुलेशन कमकुवत झाल्याचा. पी०ए८० मुख्य बॅटरीचा.

पण कोड म्हणजे निकाल नव्हे. तो पोलिसांत दिलेल्या खबरीसारखा आहे, तपास पुढे करावा लागतो. अजिंठा घाटातल्या आपल्या काल्पनिक गाडीत पी०ए९३ मिळाला असे धरू. याचा अर्थ इन्व्हर्टर गेला असा नाही. तो अपेक्षेप्रमाणे थंड होत नाही, एवढाच. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये इंजिनाचे आणि इन्व्हर्टरचे शीतक वेगवेगळे असते. इन्व्हर्टरसाठी वेगळी टाकी आणि वेगळा विजेचा पंप असतो. पंप बंद पडला, शीतक कमी झाले, आत हवा अडकली किंवा रेडिएटर चिखल-धुळीने भरला, तर इन्व्हर्टर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. पंप बदलून प्रश्न सुटत असताना इन्व्हर्टर बदलणे म्हणजे फ्यूज गेला म्हणून मोटार बदलण्यासारखे.

कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते. दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, तापमान काय, बॅटरी किती भरली होती, याची ती एक प्रकारची छायाप्रत. घाटात, जास्त तापमानावर कोड आला असेल तर शोध शीतकरणाकडे वळतो. सकाळी थंड इंजिनावर आला असेल तर दिशा वेगळी.

म्हणून दिवा लागला की लगेच कोड पुसायला लावू नये. आधी सर्व कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवावा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त डोंगल अनेकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. हायब्रिड, एबीएस आणि ऑल-व्हील ड्राइव्हचे कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर नसेल, तर ‘कोड काहीच नाही’ या उत्तराला अर्थ नाही.

आवाज आणि झटक्यांवरून काय ओळखता येते?

कान आणि सीट हीदेखील निदानाची साधने आहेत. लक्षण कधी येते, हे लिहून ठेवले तर मेकॅनिकचे निम्मे काम होते.

वेगासोबत वाढणारी घरघर : बहुतेकदा व्हील बेअरिंग किंवा असमान झिजलेले टायर. हलक्या वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की बेअरिंगचा आवाज वाढतो किंवा कमी होतो. कोणते चाक, ते लिफ्टवर फिरवून नक्की करावे. ही घरघर ‘मागची मोटार गेली’ म्हणून खपवली जाऊ शकते.

पूर्ण वळणावर टक-टक : पुढच्या एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर पडले आहे का, ते आधी पाहावे. बूट वेळीच बदलला तर जॉइंट वाचतो.

जोर देताना थरथर, पाय काढला की शांत : आतला सीव्ही जॉइंट किंवा माउंट. इंजिन मिसफायरही अशीच थरथर देते, म्हणून कोड पाहूनच निर्णय घ्यावा.

ठरावीक वेगावर संपूर्ण गाडीत कंप : टायर बॅलन्सिंग, वाकलेली रिम. शाफ्ट असलेल्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे मधले बेअरिंगही तपासावे.

पार्किंगमध्ये गाडी वळवताना अडखळणे, मागून ओढल्यासारखे वाटणे : यांत्रिक ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये कपलिंग पूर्ण सुटत नसल्याची शक्यता. मोड ‘लॉक’वर तर राहिला नाही ना, हे आधी बघावे.

चढावर रिव्हर्स घेताना जीव नसणे : टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये रिव्हर्स मोटारीवरच चालतो. त्यामुळे मुख्य बॅटरी थकल्याचा संशय इथे रास्त ठरतो.

इंजिन सुरू होताना बेल्टची चिरचिर : माइल्ड हायब्रिडमध्ये हाच बेल्ट इंजिन फिरवतो, मदत करतो आणि वीजही बनवतो. बेल्ट आणि टेन्शनर तपासल्याशिवाय स्टार्टर-जनरेटरवर ठपका ठेवू नये.

टायरचा ड्राइव्हट्रेनशी काय संबंध?

यांत्रिक ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये फार मोठा. ग्रँड विटाराचा टायर २१५/६० आर१७ मापाचा आहे. नव्या टायरचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर. पुढे दोन नवे टायर टाकले आणि मागचे ५ मिलिमीटर झिजलेले ठेवले, तर मागच्यांचा व्यास १० मिलिमीटरने कमी. ढोबळ हिशेबाने मागची चाके प्रत्येक किलोमीटरला जवळपास ७ फेऱ्या जास्त घेतात. धुळे ते जळगाव या सुमारे ९० किलोमीटरच्या प्रवासात हा फरक ६०० फेऱ्यांच्या पुढे जातो.

कपलिंग मोकळे असेल तोवर ते हा फरक सोसते. पण मोड ‘लॉक’वर ठेवून डांबरी रस्त्यावर गाडी चालवली, तर हा फरक कुठेतरी घासून निघावाच लागतो. कपलिंग तापते, तेल खराब होते आणि ऑल-व्हील ड्राइव्हचा दिवा लागतो. ‘लॉक’ हा चिखलात, वाळूत अडकल्यावर वापरायचा मोड आहे. केळीच्या मळ्यातल्या काळ्या मातीतून बाहेर पडताना तो लावला, तर पक्क्या रस्त्यावर आल्यावर ‘ऑटो’वर परत आणायला विसरू नये.

‘ई-फोर’ गाडीत पुढच्या-मागच्या धुरा यांत्रिकरीत्या जोडलेल्या नाहीत, त्यामुळे असे आवळले जाणे होत नाही. तरीही चाकांच्या वेगातील फरकावरच कॉम्प्युटर घसरण ओळखतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि योग्य हवेचे असावेत.

खान्देशचे हवामान इथे कसे आडवे येते?

उन्हाळ्यात जळगाव, भुसावळ परिसरात पारा अनेकदा ४५ अंशांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातो. हायब्रिडच्या बॅटरीला माणसासारखेच हवामान मानवते. फार उष्णतेत तिची झीज वेगाने होते.

निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या अनेक गाड्यांत ती थंड करण्यासाठी केबिनमधलीच हवा पंख्याने ओढली जाते. एनएक्स ३००एच आणि आरएक्स ४५०एचमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि हवा आत घेणारी जाळीही तिथेच. त्या जाळीसमोर पिशवी, गोणी किंवा चटई आली, की हवा बंद. धूळ, कापसाचे तंतू, केस, कुत्र्याची लव जाळीत आणि पंख्यात साचत जाते. पंखा फिरतो, पण हवा पुढे जात नाही.

गॅरेजला ही जाळी आणि पंखा साफ करायला सांगणे, हा जुन्या हायब्रिडवर केलेला सर्वात किफायतशीर खर्च ठरू शकतो. उन्हात तापलेली गाडी सुरू केल्यावर आधी काचा उघडून गरम हवा बाहेर काढावी, मग एसी लावावा. केबिन थंड झाली तरच बॅटरी थंड होते.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. ओलावा केबलच्या जोडात किंवा मोटारीच्या आवरणात शिरला, तर इन्सुलेशन कमकुवत झाल्याचा पी०एए६ कोड पावसात येतो आणि ऊन पडल्यावर नाहीसा होतो. पंप रिवाइंडिंग करणारे मेगरने इन्सुलेशन तपासतात, तत्त्व तेच आहे. पण ते काम गाडीवर घरी करून पाहायचे नाही.

मग मुख्य बॅटरी खरेच गेली, हे कसे ठरवायचे?

नुसत्या पी०ए८० कोडवर नाही. बॅटरीतले सेल गटागटाने जोडलेले असतात आणि चांगला स्कॅनर प्रत्येक गटाचा दाब वेगळा दाखवतो. गाडी उभी असताना सगळे गट सारखेच दिसू शकतात. खरी परीक्षा भार आल्यावर होते. जोरात वेग घेताना एखाद्या गटाचा दाब इतरांपेक्षा सातत्याने जास्त कोसळत असेल आणि ब्रेक लावताना तोच गट सर्वात आधी वर चढत असेल, तर तो गट थकला आहे.

त्याच वेळी गटागटाचे तापमान आणि पंख्याचा वेग पाहावा. जोडपट्ट्यांवर गंज चढला तरी चुकीचे आकडे येऊ शकतात. हे सगळे तपासून झाल्यावरही तोच गट दोषी ठरला, तर बॅटरीचे निदान पक्के.

फक्त खराब सेल बदलून देण्याचा स्वस्त पर्यायही सुचवला जातो. त्याने गाडी चालू होते, पण बाकीचे सेलही त्याच वयाचे असतात. काही महिन्यांनी दुसरा गट बसण्याची शक्यता राहते. गाडी विकायची आहे की अजून पाच वर्षे वापरायची आहे, यावर निर्णय घ्यावा.

पैसे मोजण्याआधी वॉरंटी पाहावी. टोयोटा हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिड बॅटरीवर कंपनीची ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यापैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. इतर गाड्यांच्या अटी वॉरंटी पुस्तिकेत आणि अधिकृत सेवा केंद्रात गाडीचा चेसिस नंबर देऊन पडताळता येतात.

कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही?

नारिंगी रंगाच्या केबलना. त्या उच्चदाबाच्या आहेत आणि तो दाब जीव घेऊ शकतो. मुख्य बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढल्यानंतरही इन्व्हर्टरमधील कपॅसिटरमध्ये दाब शिल्लक राहतो. म्हणून प्रशिक्षित मेकॅनिक उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबतो, १,००० व्होल्टपर्यंतचे रबरी हातमोजे घालतो आणि मीटरने शून्य दाब पाहूनच पुढे जातो. ज्या गॅरेजमध्ये हे हातमोजे आणि योग्य मीटर नाहीत, तिथे उच्चदाबाचे काम करू देऊ नये. टायर, बेअरिंग, सीव्ही जॉइंट, १२ व्होल्टची बॅटरी ही कामे मात्र गावातला चांगला मेकॅनिकही करू शकतो.

आणखी एक धोका शांततेचा. ‘रेडी’ दिवा लागलेला असेल तर इंजिन बंद असले तरी गाडी चालू असते. बोनेटमध्ये हात घातलेला असताना इंजिन अचानक सुरू होऊ शकते. काम सुरू करण्याआधी गाडी पूर्ण बंद करावी आणि चावी गाडीपासून लांब ठेवावी.

रस्त्यात बंद पडली तर टोइंग कशी करायची?

इथे झालेली चूक मूळ बिघाडापेक्षा महाग पडते. नेहमीची क्रेन पुढची चाके उचलते आणि मागची रस्त्यावर फिरत ठेवते. ‘ई-फोर’ गाडीत मागच्या चाकांना मोटार जोडलेली आहे. चाके फिरली की मोटार फिरते आणि जनरेटरसारखी वीज बनवू लागते. शाफ्ट असलेल्या गाडीत दोन चाके फिरती आणि दोन स्थिर राहिली, तर कपलिंगवर ताण येतो.

त्यामुळे चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवावी. विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करताना ‘हायब्रिड आहे, ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच पाठवा’ हे तीन शब्दप्रयोग आवर्जून सांगावेत. धुळे बायपासवर किंवा कन्नड घाटात तासभर जास्त थांबावे लागले, तरी ते परवडते.

जुनी गाडी घेताना किंवा गॅरेजमध्ये देताना काय विचारावे?

१. गाडीत प्रोपेलर शाफ्ट आहे की मागे वेगळी मोटार? उत्तर आले नाही, तर गॅरेज बदलावे.

२. सर्व कॉम्प्युटरचे कोड आणि फ्रीझ फ्रेम छापील किंवा फोटोच्या रूपात द्याल का?

३. स्कॅनरमध्ये स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात का? विक्रीआधी नुकतेच कोड पुसले असतील, तर त्या अपूर्ण दिसतात. अशी गाडी काही दिवस चालवून पुन्हा स्कॅन केल्याशिवाय घेऊ नये.

४. पुढच्या आणि मागच्या ट्रान्सॲक्सलचे किंवा कपलिंग-डिफरन्शियलचे तेल शेवटचे कधी बदलले? काढलेले तेल दाखवायला सांगावे. त्यात धातूचे कण चमकत असतील, तर आत झीज सुरू आहे.

५. जो भाग बदलायचा म्हणता, तो खराब आहे हे कोणत्या मोजमापावरून ठरले?

पाचवा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ‘अंदाज आहे’ किंवा ‘या गाडीत हेच जाते’ असे उत्तर मिळाले, तर थांबावे. सर्व्हिससाठी नाशिक किंवा संभाजीनगर गाठावे लागणार असेल, तर निघण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी, टायर, शीतकाची पातळी आणि बॅटरीची जाळी या चार गोष्टी गावातच तपासून घ्याव्यात. त्यातच उत्तर सापडले, तर दोनशे किलोमीटरचा फेरा आणि लाखाचे अंदाजपत्रक, दोन्ही वाचतील. नाही सापडले, तर मोटार बोअरमधून वर काढायची वेळ खरेच आली आहे, हे तरी खात्रीने कळेल.